फितीचा खरा वेग

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकोणसत्तर, धंदा टेपरेकॉर्डर व ध्वनियंत्रं दुरुस्त करणं, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलेला कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, कोणी माझे कान भरलेले नाहीत. राग मात्र आहे, आणि तोही पूर्ण शुद्धीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

१. दुकानाचा गाळा, त्याखालचं तळघर, माझी राहती खोली आणि बँकेत जे काही असेल ते सगळं माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या एका मुलीला. गोळ्यांच्या वेळा पाळायला लावून तिने माझा जीव नकोसा केला आहे, तरीही. तिच्या आईबद्दल माझी तक्रार नाही. भाऊ गेल्यावर तिने दुसरा संसार थाटला, पोरीला नीट वाढवलं, माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. तिला माझं शिलाई मशीन द्यावं.

२. तळघराच्या भिंतींना जुन्या गाद्या खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत. त्या काढू नयेत. सव्वीस वर्षांपूर्वी याच खोलीत माझा भाऊ ड्रम वाजवायचा, उंचाडा गिटार वाजवायचा आणि घशा गायचा. घशा हे नाव पोरांनी कौतुकाने ठेवलं होतं, मी ते कौतुकाने वापरत नाही. ते जे वाजवत त्याला डेथ मेटल म्हणतात. वकिलांना हे संगीत ठाऊक असण्याची शक्यता कमी, म्हणून थोडा खुलासा करते. गिटारच्या तारा इतक्या सैल सोडायच्या की सूर कमी आणि गुरगुर जास्त. गायचं ते पोटातून, शब्द कळले नाहीत तरी चालतात. आणि यांचं तर त्यातलंही प्रायोगिक. माझा भाऊ डबे बनवण्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता. तिथे चार मशीन शेजारी शेजारी, प्रत्येकाची चाल एकमेकांपेक्षा केसभर वेगळी. बराच वेळ चौघांचे ठोके एकमेकांना चुकवत राहायचे आणि मग अचानक एकदाच चारही एकत्र पडायचे. त्या एका ठोक्याला आपण दरवेळी दचकतो, असं तो सांगायचा. त्याने तेच घरी आणलं. दोन हात, दोन पाय, चार मशीन. ऐकणारा वाट बघत बसतो, ठोका येत नाही, येत नाही, आणि माणूस गाफील झाला की येतो. त्या रेकॉर्डवर जी भीती आहे ती तिथून आलेली आहे, घशाच्या घशातून नाही. ही गोष्ट मी शपथेवर सांगते.

३. आता मूळ गुन्हा. रेकॉर्डिंग मी केलं. माझ्याकडे दोनच ट्रॅकचं मशीन होतं, त्यामुळे तिघांना एकाच खोलीत बसवून सगळं एकदम फितीवर घेतलं. पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी फीत ऐकली तर घशाचा आवाज पातळ. अगदी पातळ. राक्षस व्हायला गेला होता, आणि ऐकू येत होता सर्दी झालेला कारकून. दुपारी तो एकटाच दुकानात आला आणि काउंटरवर डोकं ठेवून रडला.

"ताई, काहीतरी कर ना. जरा जाड कर माझा आवाज."

मी म्हटलं, "फीत हळू चालवली तर होईल जाड. पण सगळंच हळू होईल. ड्रमसुद्धा."

माझा भाऊ संध्याकाळी आला तेव्हा त्याला विचारलं. त्याने खांदे उडवले. "कर गं. मी सावकाश वाटलो तर काय बिघडलं? आपल्याला तर माहितीये."

म्हणून मी मशीनमधली फीत ओढणाऱ्या दांड्यावरची पितळी नळी काढली आणि कानशीने, मग पॉलिश कागदाने घासून बारीक केली. नळी बारीक झाली की फीत हळू सरकते. घशाचा आवाज खाली उतरला, विहिरीत गेला. झांजा पत्र्यासारख्या करकरू लागल्या. माझ्या भावाचे ठोके असे आले की शेजारच्या खोलीत कोणीतरी जड कपाट ओढतंय आणि ते कपाट कधीच जागेवर पोहोचत नाही. मी फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. ती रेकॉर्ड निघाली, ती अशी.

४. भाऊ रेकॉर्ड निघाल्यावर अकरा महिन्यांनी गेला. आधी बोटांतली जाणीव गेली, मग पाय. तो गेल्यावर रेकॉर्ड दूर दूर पोहोचली. लोक पत्रं पाठवू लागले की ऐकल्यावर झोप लागत नाही. घशाची मुलाखत मासिकात आली. मी ते पान जपून ठेवलं आहे. त्यात तो म्हणतो, "खरं सांगायचं तर आमचा ड्रमर हळू होता. आम्हाला त्याला अक्षरशः ओढत न्यावं लागलं. त्या ओढाताणीतूनच ते भयाण वातावरण तयार झालं." अंत्यविधीला हा आला नव्हता. घसा बसला होता म्हणे.

माझी भाची तेव्हा चौदा वर्षांची होती आणि बापाच्या ड्रमवर बसू लागली होती. तिच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "तुझे बाबा ते हळू वाजवणारेच ना?" त्या दिवसापासून तिने काठ्या हातात घेतल्या नाहीत. आज ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते. काम चांगलं आहे. पण तिचे हात मी पाहिले आहेत. टेबलावर बोटं वाजवते तेव्हा चार मशीन चालतात, आणि माझं लक्ष आहे असं दिसलं की ती बोटं मुठीत घेते.

५. उंचाड्याला माझ्या कानात घालायच्या बोळ्यांची अख्खी डबी द्यावी. त्याने सगळं ऐकलं होतं, त्याला सगळं माहीत होतं, आणि मासिकवाल्यांसमोर तो शेजारी बसून मान डोलावत होता. त्याच्या उपयोगाची दुसरी वस्तू माझ्याकडे नाही.

६. गेल्या महिन्यात घशा दुकानात आला. पंचवीस वर्षांनंतर रेकॉर्डची नवी आवृत्ती निघते आहे, मोठ्या सभागृहात समारंभ आहे आणि मूळ रिळं फक्त माझ्याकडे आहेत. त्याच्याबद्दल एक गोष्ट नमूद करते, कारण तिने मला फार समाधान मिळालं. इतकी वर्षं मंचावर त्या फितीसारखा आवाज काढायचा प्रयत्न करून करून त्याचा घसा कामातून गेला आहे. आता बोलतो तेव्हा नुसती हवा येते. माझ्या मशीनने त्याला जो आवाज दिला, त्याची बरोबरी करता करता त्याने स्वतःचा होता तोही घालवला.

"ताई, रिळं दे," तो म्हणाला. "आणि ती बारीक नळीही लागेल. तुझ्या भावाचंही नाव टाकतो मी. खरंच."

"काय म्हणून टाकशील?"

"सहभाग."

"सहभाग?"

"ताई, तो गेला. आता त्याला काय फरक पडतो?"

मी त्याला पाणी दिलं आणि कळवते म्हणून सांगितलं. समारंभापर्यंत मी असणार नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात, म्हणून हे मृत्युपत्र म्हणजेच ते कळवणं आहे.

७. बारीक नळी शेजारच्या गाळ्यातल्या टर्नरकडे न्यावी, लेथवर लावावी आणि तिचा पूर्ण भुगा करावा. तो भुगा पाकिटात घालून घशाला पोस्टाने पाठवावा. सोबत चिठ्ठी नको, त्याला कळेल.

८. मूळ रिळं भाचीच्या मालकीची. ती घशाला समारंभासाठी वापरायला द्यावीत, मात्र पुढील अटींवर. रिळं माझ्याच मशीनवर, नव्या जाड नळीवर, खऱ्या वेगाने लावायची. हल्ली संगणकावर काहीही हळू करता येतं हे मलाही कळतं, म्हणून स्पष्ट लिहिते: हळू केलेली एकही प्रत नव्या आवृत्तीत असणार नाही. घशाने पहिल्या रांगेत, मधोमध बसायचं. त्याचा पातळ आवाज सभागृहात घुमत असताना दिवे चालू ठेवायचे. त्याआधी त्याने मंचावर उभं राहून, जो काही घसा उरला असेल त्यातून, एवढंच म्हणायचं: "तो हळू नव्हता. माझा आवाज लपवण्यासाठी त्याला हळू केलं." यातला शब्दही बदलायचा नाही. त्याने नकार दिला तर हे मृत्युपत्र जसंच्या तसं त्याच मासिकाकडे पाठवावं.

सूड म्हणतील लोक. हो, सूडच आहे. मोठेपणा दाखवायचं माझं वय गेलं.

९. समारंभाच्या आधी मशीन खाली नेऊन रिळं भाचीने एकटीने तळघरात ऐकावीत. दार लावून घ्यावं. ड्रम तिथेच आहे, कातडी मी गेल्या वर्षी नवीन चढवली आहे. काठ्या टेपच्या मशीनखालच्या खणात आहेत. वाजवलंच पाहिजे असं मी लिहीत नाही.

१०. हे कलम मी तीन वेळा लिहून फाडलं. वरचा सगळा हिशेब घशाच्या नावावर लावला तर तो खोटा ठरेल.

भाऊ दवाखान्यात होता तेव्हा त्याने एकच मागितलं. म्हणाला, "ताई, एकदा मला माझ्या वेगात ऐकव ना. मी खरंच तसा वाजवत होतो का, तेच मला आता आठवत नाही." माझ्याकडे ती एकच नळी होती आणि तीच मी घासून बसले होते. दुरुस्तीचं काम करणारा माणूस मूळ भागाला कधी कानस लावत नाही, आधी दुसरा बनवतो. हे मी शिकाऊ पोरांना रोज सांगायचे. मी म्हटलं, "बरा होऊन घरी ये, मग ऐकवते." त्याने पुन्हा दोनदा विचारलं. मी पुन्हा दोनदा तेच म्हटलं.

काम होतं, वेळ नव्हता, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. लोक त्या रेकॉर्डच्या वातावरणाबद्दल बोलत होते आणि रेकॉर्डच्या पाठीमागे ध्वनी म्हणून माझं नाव होतं. तो हळूपणा माझी करामत होती. तो मला आवडत होता. भावाने खरा वेग ऐकला असता आणि तो म्हणाला असता की ताई, हे असं काढायला हवं होतं, तर मला ते सोसलं नसतं.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी टर्नरकडे जाऊन नवी नळी करून घेतली. अर्ध्या तासाचं काम होतं.

म्हणून घशाला जशी शिक्षा लिहिली, तशी मलाही. ती फीत खऱ्या वेगाने मी आजवर ऐकलेली नाही आणि मरेपर्यंत ऐकणार नाही. मशीन माझ्या उशापासून चार पावलांवर आहे, नळी बसवलेली आहे, रीळ चढवलेलं आहे. ते कोणी माझ्यासाठी लावू नये. मी शेवटच्या घटकेला मागितलं तरीही लावू नये. मी शुद्धीत होते तेव्हाचं हे माझं म्हणणं आहे, आणि तेच धरावं.

साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकील सांगतात, म्हणून टर्नरना आणि डॉक्टरीणबाईंना काहीही दिलेलं नाही. त्यांनी राग मानू नये.

स्थळ: दुकानामागची राहती खोली, दुरुस्तीचं टेबल.
दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा.

(सही) मृत्युपत्र करणारी

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार लिहून देतो की, बाईंनी हे मृत्युपत्र आमच्यासमोर मोठ्याने वाचलं, त्या पूर्ण शुद्धीत होत्या, आणि त्यांनी आमच्यासमोर सही केली. सहीपूर्वी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ मशीनकडे पाहत बसल्या. मी, साक्षीदार क्रमांक एक, त्यांना विचारलं, "बाई, लावू का? आम्ही कोणाला सांगणार नाही." त्या म्हणाल्या, "त्यानेही तीनदाच विचारलं होतं. तुम्ही अजून दोनदा विचारा." मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या नाही म्हणाल्या, आणि मग सही केली.

(सही) साक्षीदार १, टर्नर, शेजारचा गाळा
(सही) साक्षीदार २, डॉक्टर