झोपवणारं आणि उठवणारं यंत्र

आबा,

मागच्या आठवड्यात घरात नवीन गाण्याचा डबा आला. डबा म्हटलं की सून हसते, ती त्याला म्युझिक सिस्टिम म्हणते. दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये काळं चकचकीत यंत्र, आणि एक रिमोट, ज्याच्यावरची अक्षरं वाचायला मला चष्मा असूनही भिंग लागतं. तुमचा नातू इथे महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. त्याने ते स्वतःसाठी म्हणून आणलं, पण चार दिवसांत ते माझ्या खोलीत येऊन बसलं, कारण मला शांततेत झोप येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. का येत नाही हे ठाऊक असलेला माणूस मात्र तुमच्यानंतर कोणी उरला नाही.

परवा संध्याकाळी सून मला ते शिकवायला बसली. "आई, हे बघा, हे स्लीप. अर्धा तास लावलात की अर्ध्या तासाने गाणी आपोआप बंद. आणि हा अलार्म. सहा लावलेत की सकाळी सहाला आपोआप सुरू." मी विचारलं, "म्हणजे रात्री बंद झालं की कोणीतरी उठून सकाळचं लावायचं ना?" ती म्हणाली, "कोणी कशाला उठायला पाहिजे? दोन टायमर वेगवेगळे आहेत. दोन्ही आत्ताच लावून ठेवायचे आणि झोपायचं." ती पोळ्या करायला निघून गेली आणि मी रिमोट हातात घेऊन तशीच बसून राहिले. दोन वेगवेगळे. आबा, तुमच्या फळीवरच्या पेटीत घड्याळ एकच होतं. ते एकच आहे हे मला तेव्हापासून माहीत होतं. त्याचा अर्थ लागायला मला माझ्या म्हातारपणापर्यंत थांबावं लागलं, म्हणजे बघा तुमची लेक किती हुशार.

पोलादपूरच्या बाजारातलं आपलं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. पुढे घड्याळ दुरुस्तीचं टेबल, मागे एकच खोली, तीच आपली स्वयंपाकाची, अभ्यासाची आणि झोपायची. पुढे भिंतभर घड्याळं टिकटिकतायत, पाचाडच्या कोणाचं टोल्याचं, कोणा मास्तरांचं खिशातलं, आणि त्यातलं एकही आपलं नाही. एकदा मी महाडच्या एका वकिलीणबाईंचं दुरुस्त झालेलं मनगटी घड्याळ हातात घालून शाळेत निघाले होते. तुम्ही डोळ्यावरचं भिंगसुद्धा न काढता म्हणालात, "काढ ते." मी म्हटलं, "आबा, एकच दिवस." "एक दिवस काय आन् एक घटका काय. लोकांनी विश्वासानं ठेवलेली वस्तू हाय ती. आपलं नाय गो ते." तुम्ही मला फारसे रागावला नाहीत कधी, म्हणून ते एकदाचं रागावणं नीट लक्षात आहे. घरचं म्हणून आपल्याकडे एकच घड्याळ होतं, गजराचं, निकेल उडालेलं, उभं ठेवलं की जरा डावीकडे कलणारं.

आई गेली तेव्हा मी नववीत होते. रात्री मागच्या दारी भांडी घासताना ती स्वतःशीच बोलायची, आज काय झालं, उद्या काय करायचं, कोण काय म्हणालं. ते ऐकत ऐकत मला झोप लागायची. ती गेल्यावर खोली इतकी गप्प झाली की मी डोळे टक्क उघडे ठेवून कौलं मोजत पडायचे. महिन्याभराने तुम्ही कोणा मुंबईकर चाकरमान्याने टाकून दिलेला रेडिओ घेऊन आलात, त्याची पुढची जाळी फाटलेली. दिवसा दुकान आणि संध्याकाळी तो रेडिओ, असं करत पंधरवड्यात त्याच्यातून माणसं बोलायला लागली. मुंबई केंद्रावरचं कोणीतरी भाताच्या किडीबद्दल बोलत होतं आणि मी झोपून गेले. भाताच्या किडीवर इतकी छान झोप दुसऱ्या कोणाला लागली नसेल.

पण आपल्याकडे तेव्हा वीज नव्हती. रेडिओ चालायचा विटेएवढ्या बॅटरीवर, ती आणायची महाडहून, आणि रात्रभर रेडिओ चालू राहिला की ती आठवड्यात संपायची. तुम्ही मला झोप लागेपर्यंत बसून राहायचात आणि मग बंद करायचात. आणि सकाळची दुसरीच रड. आपण दोघंही उठवल्याशिवाय न उठणारे, आणि उठवणारी गेलेली. गजराची घंटा वाजली की मी दचकून उठायचे, तास-तासभर छाती धडधडायची. म्हणून तुम्ही त्या घड्याळातली घंटेवर आपटणारी हातोडीच काढून टाकलीत आणि तुमचं ते यंत्र केलंत. गजर झाला की घड्याळाच्या पाठीमागची किल्ली उलटी फिरते. त्या किल्लीला काळा दोरा बांधला, दोऱ्याचं दुसरं टोक बॅटरीच्या तारेतल्या पितळी खटक्याला. किल्ली फिरली की दोरा गुंडाळला जायचा, खटका ओढला जायचा, रेडिओ बंद. तोच दोरा वरच्या खिळ्यावरून घेतला की खटका उलटा ओढला जायचा, रेडिओ सुरू. हे सगळं तुम्ही लाकडी पेटीत घातलंत, वर झाकण, आणि मला ताकीद दिलीत की हात लावायचा नाही.

काय मिरवलंत आबा तुम्ही ते! बाजारातली निम्मी माणसं बघून गेली. समोरचा चहावाला म्हणाला, "रेडिओला निजवता काय, उठवता काय, उद्या आंघोळ पण घालाल." तुम्ही छाती काढून सांगितलंत, "रात्री साडेदहाला बंद, सकाळी सहाला चालू. माणसानं काय्येक करायचं नाय." तो म्हणाला, "उघडून दाखवा की." तुम्ही म्हणालात, "उघडला की बिघडला." मला तुमचा इतका अभिमान वाटला की शाळेत मी ते तिखटमीठ लावून सांगितलं. मुलींनी विचारलं, दोन वेळा कशा लागतात? मी ठसक्यात म्हणाले, आमच्या आबांना लागतात.

तुम्ही सांगत होतात तसंच ते दीड-दोन वर्षं चाललं. रात्री बोलता बोलता रेडिओ बंद, सकाळी मुंबई केंद्राची धून लागली की मी उठून चूल पेटवायची. ज्या रात्री साडेदहालाही मी जागी असे, त्या रात्री रेडिओ बंद झाल्यावर अंधारातून तुमचा आवाज यायचा, "झोपलीस काय गो?" मी म्हणायचे, "नाय." तुम्ही म्हणायचात, "मग नीज." एवढंच. मला वाटायचं, माया म्हणून विचारताय. माया होतीच. पण आता कळतं, एका घड्याळाला गजराची वेळ एकच लागते, आणि मी झोपल्याशिवाय तुम्हाला उठता येत नव्हतं. मी झोपले की तुम्ही उठायचं, कंदिलाची वात जरा वर करायची, पेटी उघडायची, किल्ली परत भरायची, काटा सहावर न्यायचा, दोरा सोडवून खिळ्यावरून घ्यायचा. रोज रात्री. आणि सकाळी मी उठले की पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं म्हणायचं, "बघ, लागला की नाय सहाला!"

तुम्ही गिऱ्हाइकाचं एखादं गजराचं घड्याळ घरात घेतलं असतंत तर एका रात्रीत प्रश्न सुटला असता. भिंतभर होती. पण ते तुम्ही करणार नव्हता, आणि बाजारभर केलेली फुशारकी मागेही घेणार नव्हता. मग राहिलं काय, स्वतःची झोप.

आता त्या दिवसाचं लिहिते. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र महाडला, गणिताचा पेपर सकाळचा, आणि पोलादपूरहून सातची एसटी. मला गणितात चांगले गुण हवे होते, कारण मुंबईला मामाकडे राहून सायन्सला जायचं मी मनात पक्कं केलं होतं. तुम्हीही. तुम्ही तर समोरच्या चहावाल्याला सांगूनही टाकलं होतं. आदल्या रात्री रेडिओ बंद झाला, तुम्ही विचारलंत, मी नाय म्हटलं. बऱ्याच वेळाने पुन्हा विचारलंत, पुन्हा नाय. मग आणखी एकदा.

डोळे उघडले तेव्हा कौलातल्या काचेतून ऊन जमिनीवर उतरलं होतं आणि रेडिओ गप्प. तुम्ही फळीखाली भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेले, पेटी मांडीवर उघडी, दोरा बोटात. मी धावत स्टँडवर गेले, तुम्ही मागून सदरा घालत घालत आलात. गाडी केव्हाच गेलेली. स्टँडवर लोक होते, चहावाला होता. आणि मी सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडले. "कशाला रात्री त्यात खुडबुड करत बसलात? चाललेलं बिघडवलंत! गावाची घड्याळं दुरुस्त करता आन् घरचं एक धड चालत नाय!" तुम्ही खाली बघत म्हणालात, "यंत्र बरोबर हाय गो. चूक माझी झाली." तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "आई असती तर यंत्र लागलंच नसतं."

तुम्ही सदऱ्याची बटणं लावत राहिलात. चहावाल्याने मान फिरवली. पुढच्या गाडीने मी गेले, पाऊण तास उशिरा वर्गात बसले, आणि गणितात काठावर पास झाले. सायन्स राहिलं. उरलेल्या पेपरांना यंत्र नव्हतं, पेटी रिकामी होती. पहाटे डोळे उघडले की तुम्ही उशाशी बसलेले दिसायचात, कपाळावर हात ठेवून, "ऊठ, वेळ झाली." डोळे लाल. मी रागात होते, मी विचारलंही नाही की तुम्ही झोपला होतात का.

वाईट काही झालं नाही आबा. मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेले, जन्मभर मुलांना शिकवलं, त्यात गणितही शिकवलं आणि बऱ्यापैकी शिकवलं. ट्रेनिंगला निघताना तुम्ही माझ्या ट्रंकेत ते गजराचं घड्याळ ठेवलंत. घंटेची हातोडी परत बसवली होती. म्हणालात, "आता जरा दचकायची सवय कर." दोघंही हसलो. स्टँडवरच्या त्या वाक्याबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही, तुम्हीही कधी काढलं नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत नाही. मला वाटायचं तुम्ही विसरलात. आता वाटतं, तुम्ही विसरलात असं मला वाटावं म्हणूनच तुम्ही गप्प राहिलात.

ते घड्याळ आता माझ्या कपाटात आहे. चालत नाही. परवा सून गेल्यावर काढून बघितलं. किल्लीला काळ्या दोऱ्याचा तुकडा अजून आहे, गाठ तुमचीच, घट्ट, सुटत नाही. किल्ली एकच, गजराचा काटाही एकच. मी म्हातारी बाई कपाटासमोर उभी राहून रडले, सुनेला वाटलं रिमोट जमत नाही म्हणून. तिला सांगायला गेले तर लांबलचक होईल, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. पत्ता तर काही नाही. हे कागद घडी घालून घड्याळाखाली ठेवीन.

पण ठेवण्याआधी एक सांगायचं राहिलं, तेच सांगायला खरं तर एवढं लिहिलं. तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत आणि मी ती घेऊ दिली. त्या रात्री तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मी खरंच जागी होते. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मला झोप आली होती आबा, डोळे मिटत होते. तुम्ही पुन्हा एकदा विचारावं, म्हणून मी नाय म्हणत राहिले.