दसऱ्याचा पहिला बार

नोव्हाय, १० ऑक्टोबर २००७

ती. सौ. सुवर्णाताईस, शि. सा. न.

फोनवर तू ऐकण्याआधीच रागावतेस, म्हणून पत्र. दसऱ्याला इथल्या महाराष्ट्र मंडळातले सगळे माझ्या जुन्या लष्करी रायफलींची शस्त्रपूजा करायला येणार आहेत. मग नेमबाजीच्या रेंजवर जायचं आणि त्यांतल्या शंभर वर्षांच्या अमेरिकन रायफलीचा पहिला बार मंडळातले सर्वांत ज्येष्ठ श्रीरामकाका यांनी काढायचा, असं ठरलंय. मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, की लॅबमध्ये पोलाद तपासलंय, चांगलं कडक आहे.

परवा वाचलं, की ती बनली तेव्हा कारखान्यात पोलाद किती तापलं हे कामगार नुसत्या रंगावरून ठरवत. जास्त तापलेलं पोलाद कडक दिसतं, पण काचेसारखं फुटतं. आणि फुटतं ते नेमकं झाडणाऱ्याच्या डोळ्यांपाशी. अशा संशयित रायफलींच्या नंबरांची यादी आहे, माझ्या रायफलीचा नंबर त्यातलाच. वीस वर्षं पोलादात काढून मी कडकपणा मोजला आणि ठिसूळपणा विसरलो. आता काकांना नाही कसं म्हणू?

तुझा,
यतीन

पार्सिपनी, १४ ऑक्टोबर

चि. यतीनास अनेक आशीर्वाद.

नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि काकांचे डोळे गेले तर चालेल? मेटलर्जीत पहिला आलेला ना रे तू! पूजा कर, झेंडू वाहा, पण गोळी नको. काका चार शब्द सुनावतील, ते ऐकून घे. मला धास्ती वेगळीच आहे. तुझ्या शब्दावर आणखी कोण विसंबलंय? नीट आठव.

रागावले तरी तुझीच,
ताई

नोव्हाय, २१ ऑक्टोबर, दसरा

ती. ताईस, शि. सा. न.

पूजेआधीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. काका म्हणाले, असला भित्रा इंजिनिअर गाड्यांचे ब्रेक कसे बनवतो देव जाणे. सगळे हसले. रायफल तशीच कुलपात ठेवली.

तुझा प्रश्न मात्र पाठ सोडेना. माझा मित्र कुमार इथून दूर चँडलरला राहायला गेला, तेव्हा तशीच एक रायफल मी त्याला भेट दिली होती, वर लॅबचा दाखला जोडून. हे मला आठवलं नव्हतं की आठवायचं नव्हतं, कळत नाही. चार दिवस त्याला मेसेज ठेवत होतो. खरं सांगायचं धाडस झालं नाही, नुसतं फोन कर म्हणालो.

आज त्यानं केला. दसरा म्हणून सकाळी वाळवंटात जाऊन रायफल चालवली, नेम झकास लागतो यार, म्हणाला. त्याची बारा वर्षांची अनया मागून ओरडत होती, की दोन गोळ्या तिनं झाडल्या. मग मी सांगितलं. तो आधी हसला, आणि मग त्यानं अनयाला हाक मारून जवळ बोलावलं.

लोभ मागायचा हक्क आज वाटत नाही. तरी असू दे.

यतीन