खूण पक्की आहे

शनिवार, २ ऑगस्ट. सकाळी ६.
अल ऐनच्या रस्त्यावरचं वाळवंट. गिरिजा आणि पोरगी २२ पर्यंत साताऱ्यात, माहेरी. तोवर मी राजा. मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधायची, हा नवा छंद. पण आधी मशीनची टेस्ट. कंपनीत क्वालिटी कंट्रोल उगाच नाही दिलं मला. साखरपुड्याची अंगठी काढली, वीतभर खोल पुरली. खूण पक्की आहे: समोर पांढरा पिकअप उभा.

७.१०
गाडीत एसी लावून चहा घेतला. परत आलो तर पिकअप गेलेला. च्यायला!

९.३०
कोल्ड ड्रिंकची बुचं अकरा, तंबूचा खिळा एक. अंगठी नाही. निष्कर्ष: मशीन भिकार.

मंगळवार, ५ ऑगस्ट
अ‍ॅडव्हान्स्ड मॉडेल्सचा अभ्यास, ऑफिसच्या वेळेत. कमी पैशातलं मशीन एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं. ते बिचारं काय शोधणार? ऑफिसातला मुझम्मिल रत्नागिरीचा. म्हणाला, सर, मशीन नको, जागा आठवा. शिवाय इथे जमिनीतलं जुनं काही सापडलं तर ते सरकारचं, परमिशनशिवाय शोधायचं नाही. म्हटलं, अरे बाबा, माझीच अंगठी आहे, सात वर्षं जुनी! तो हसला. तांत्रिक गोष्टी सगळ्यांना कळत नाहीत.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
नवीन मशीन घ्यायचं नाही. गिरिजाला सगळं खरं सांगायचं. ठरलं म्हणजे ठरलं. खलास.

रविवार, १० ऑगस्ट
गिरिजाचा व्हिडिओ कॉल. हात वेफर्सच्या पाकिटात घालून बोललो. मध्येच म्हणाली, आईला नमस्कार करा. मेलो! हात पाठीमागे घेऊन नुसता वाकलो. सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंच्या कमरेत उसण भरली वाटतं. वेळ निभावली. खरं सांगणं पुढच्या कॉलला.

मंगळवार, १२ ऑगस्ट
घेतलं! मल्टी-फ्रिक्वेन्सी, हेडफोनसकट, २४०० दिरहम. रुपयात केलं, पाणी प्यायलो, परत केलं. तेवढेच आले. दुकानदार म्हणाला, हबीबी, बॉक्स खोला तो वापस नहीं. मी गाडीतच खोलला.

शनिवार, १६ ऑगस्ट. ४५ डिग्री.
बुचं चौतीस. मशीन उत्तमच आहे, पूर्वी एवढी बुचं कुठे मिळत होती? पण सोनं कसं वाजतं, हे मला तरी कुठे माहीत आहे? सोन्याचा नमुना हवा.

बुधवार, २० ऑगस्ट
कपाटात गिरिजाची नथ मिळाली. सासूबाईंनी दिलेली, गणपतीत घालते. मशीनपुढे धरली. पिंऽऽऽ! सलग, जाड, गोड आवाज. म्हणजे घरात पास. आता वाळूत टेस्ट. पाच मिनिटांचं काम, कोणाला कळणारही नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. सकाळी ५.५०.
शेवटची संधी. दुपारी फ्लाइट लँड होतेय. नथ वीतभर खोल पुरली. या वेळी डोकं वापरलं. गाडीला चाकं असतात, म्हणून पिकअप वगैरे नको. शेजारीच एक उंट बसलाय. शांतपणे रवंथ करतोय. खूण पक्की आहे. मशीन आणायला गाडीकडे निघालो.

६.०५
उंट उठला.

संध्याकाळी ६.४०. बाथरूम, आतून कडी.
एअरपोर्टवर हात खिशात ठेवून एका हाताने चार बॅगा उचलल्या. घरी आल्या आल्या गिरिजा म्हणाली, बुधवारी गणपती, नथ आजच पॉलिशला देऊन या. मी म्हटलं, इन्शाल्ला. तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग बोटाकडे. मग कपाटाकडे गेली. मी इकडे आलो.

कपाट बंद झाल्याचा आवाज आला. फार भीती वाटतेय. या खोलीला खिडकीसुद्धा नाही. पोरीला सोफ्यामागे मशीन सापडलंय. घरभर फिरवत ओरडतेय, मम्मा, इट वर्क्स, स्टँड स्टिल! गिरिजाच्या गळ्यात चार पदरी मंगळसूत्र आहे.

आता दाराला लागूनच वाजतंय. पिंऽऽऽ. सलग, जाड.