टाकीभर पवित्र पाण्याचा खुलासा

आदरणीय दादा यांना प्रभूच्या नावाने नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? तो जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या खेपेला तुम्ही नीट सांगितलं नव्हतं, आणि या दोन दुखण्यांत फार फरक असतो. (तुमच्या डॉक्टरांनाही हा फरक मीच सांगितला होता. ते हसले, पण कागदावर टिपून घेतलं, हे मी पाहिलं.) वहिनींना नमस्कार. तुमच्या आईंना तुमच्याकडची हवा मानवत असेल. आमची मुलगी तिथेही अभ्यास करत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतो. तुमच्या बहिणीची चौकशी मात्र करत नाही. ती ठणठणीत असणार. जाताना तिने ज्या जोराने फाटक आपटलं, त्याला चांगली तब्येत लागते. बिजागरी निखळली होती, ती मी बसवली.

हे पत्र तिला परत बोलावण्यासाठी लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. ती आईंना आणि मुलीला घेऊन तुमच्याकडे आली आहे, 'मी काही आता त्या घरात यायची नाही' असं म्हणते आहे, आणि का ते तिने तुम्हाला सांगितलं असेलच. तिने सांगितलेलं सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण तुमची बहीण गोष्ट सांगताना मापात थोडी सैल असते. मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. समोरच्या पारड्यात काय पडलं, ते जसंच्या तसं लिहितो.

सुरुवात तिनेच केली. आई बोळात घसरल्या, त्याच आठवड्यात फ्रिज बंद पडला आणि मुलीच्या परीक्षेचा निकाल लागला. (लागला म्हणजे काय लागला, ते तीच सांगेल.) तुमच्या बहिणीने या तिन्ही गोष्टी एका माळेत ओवल्या आणि म्हणाली, "घराला आशीर्वाद हवाय. फादरांना बोलवा." इतकंच. फादर आले असते, एक प्रार्थना म्हटली असती, खोल्याखोल्यांतून पाणी शिंपडलं असतं, चहा घेतला असता आणि गेले असते. पण तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. जे आपल्याला करता येतं, त्यासाठी दुसऱ्याला बोलवायला मला संकोच वाटतो. काट्यांचं काम मला कोणी शिकवलं? कोणी नाही. एक बिघडलेला काटा विकत घेतला, संपूर्ण उघडला, पुन्हा जोडला, आणि दोन स्क्रू उरले तरी तो बरोबर वजन दाखवायला लागला. तेव्हापासून मी कुणाकडे काही शिकायला गेलो नाही. चर्चच्या पुस्तकांच्या कपाटात आशीर्वादित वस्तूंवरची एक जुनी पुस्तिका मिळाली, ती मी तीनदा वाचली. आशीर्वाद फादरांनीच द्यायचा, हे मला मान्य आहे. पण पाणी, मीठ, पदकं एकदा त्यांच्याकडून आशीर्वादित करून आणली, की पुढची जोडणी घरच्या माणसाने करायला हरकत नाही, असा मी त्यातून अर्थ काढला. फादरांनीही एक बाटली पाणी, एक पुडी मीठ आणि सैतानाला दूर ठेवणारी संत बेनेडिक्टची चार पदकं आनंदाने दिली. (त्यांना तेव्हा काही कल्पना नव्हती.)

पदकं घराच्या चार कोपऱ्यांत लावायची असतात. लोक ती अशीच कुठेतरी खिळ्याला अडकवतात, ते मला पटत नाही. मी ओळंबा लावला, पाणसळ लावली, काटकोन तपासायला गुण्या धरला, दोऱ्या ताणल्या, तेव्हा असं दिसलं की आपल्या घराचा मागचा कोपरा काटकोनात नाहीच. चांगला दोन बोटं बाहेर आहे. आता चौथं पदक कोपरा आहे तिथे लावायचं, की कोपरा असायला हवा होता तिथे? मी ज्या गवंड्याने घर बांधलं त्याच्याकडे गेलो, त्याला दोरी दाखवली, आमचं थोडं वाजलं. तुमची बहीण म्हणाली, "अहो, सैतान काय गुण्या घेऊन येणार आहे का?" मी म्हटलं, त्याने आणला नाही तरी आपण चोख असलेलं बरं. यावर ती आत निघून गेली. तिचं ते जाणं मला तेव्हाच मोजता आलं असतं, पण मी शिडीवर होतो.

मिठाची हकीकत तुम्हाला कळली असेल. उंबरठ्यांवर चिमूट चिमूट टाकून उरलेलं मी बरणीत भरलं, बरणीवर ठळक अक्षरांत 'आशीर्वादित' असं लिहिलं आणि ती स्वयंपाकघरात ठेवली. तुमच्या बहिणीने घाईत त्याच बरणीत हात घातला, भाजीत नेहमीचं मीठ आधीच पडलेलं होतं, आणि ती कुणाच्याही तोंडात जाईना. एरवी ती टाकून देऊन आपण मोकळे झालो असतो. पण आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकता येत नाही. एकतर तिचा उपयोग करायचा, नाहीतर ती मातीला द्यायची. मी शांतपणे सुचवलं की सगळ्यांनी थोडी थोडी संपवावी. आईंनी रक्तदाबाचं कारण काढलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हीच आमच्यासाठी त्याग करा ना." शेवटी भाजी अंगणातल्या मोठ्या कुंडीत पुरली. कुंडीतलं झाड आठवड्यात वाळलं. त्याला इतकं सन्मानाचं मरण आलं, याचं घरात कुणालाच काही नव्हतं.

आता पाणी. यात माझी काय चूक झाली, ते तुम्हीच वाचून ठरवा. पुस्तिकेत असं दिलेलं होतं की पवित्र पाणी संपत आलं तर त्यात साधं पाणी घालता येतं, सगळं पवित्रच राहतं. अट एकच, घातलेलं पाणी आधीच्या पाण्यापेक्षा कमी हवं. दादा, हे वाक्य हजारो लोकांनी वाचलं असेल. त्याचा पुढचा अर्थ कुणाच्या लक्षात आला नाही. बाटलीत बाटलीपेक्षा जरा कमी पाणी घातलं, की जवळजवळ दोन बाटल्या होतात. दोनाच्या चार. चाराची कळशी, कळशीची बादली, बादलीचं पिंप. हात शिवशिवायला लागले माझे. मी दुकानातला चांगला काटा घरी आणला आणि प्रत्येक वेळी दोन्ही पाणी तोलून घेतलं, कारण डोळ्यांनी अंदाज करणारा माणूस अशा कामात घात करतो. तुमची बहीण न्हाणीघरातली पिंपं पाहून म्हणाली, "पाणी जाणार आहे का उद्या?" मी फक्त हसलो. तिला चकित करायचं होतं. मग गच्चीवरची टाकी रिकामी केली, घासली आणि पिंपांनी भरत आणली. त्या दिवशी आपल्या घराच्या प्रत्येक नळाला पवित्र पाणी होतं. असं घर दुसरं असेल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगू, आजही वाटत नाही.

जेवताना मी ही बातमी दिली. मुलीने टाळ्या वाजवायला हात उचलले होते. तेवढ्यात आईंनी, म्हणजे तुमच्याच आईंनी, घास गिळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "म्हणजे संडासात पण तेच?"

दादा, इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही अडचणीचा प्रश्न विचारला नव्हता. तो त्यांनी असा साठवून ठेवला होता. मी पुस्तिका काढली. पवित्र पाणी गटारात सोडू नये, जमिनीत जिरवावं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. हे मी तिन्ही वेळा वाचलं होतं, पण तेव्हा ते बाटलीबद्दल वाटलं होतं.

यानंतर मी जे केलं त्याला तुमची बहीण जुलूम म्हणते. मी फक्त नियम पाळला. मोऱ्यांच्या जाळ्यांना बुचं मारली. प्रत्येक नळाखाली बादली ठेवली. वापरलेलं पाणी गोळा करून अंगणात नेऊन ओतायचं, एवढीच विनंती होती. संडासाची साखळी तारेने बांधली आणि त्यांचा संडास वापरू द्यावा म्हणून शेजारच्या नर्सबाईंकडे शब्द टाकला. त्या भल्या बाई, हो म्हणाल्या, पण कारण विचारलं. मी सविस्तर सांगायला लागलो तेव्हा त्यांना अचानक ड्यूटी आठवली. पुढे टाकी भरण्याचा प्रश्न आला. टाकीत उरलेल्या पाण्यापेक्षा कमीच पाणी वर चढायला हवं, म्हणून व्हॉल्व्ह माझ्याच हातात ठेवावा लागला. त्यामुळे कुणी अंघोळ लांबवली, की मला दार ठोठावून सांगावं लागे की पवित्रता निम्म्यावर आली. मुलगी टूथब्रश घेऊन शेजारी जायला लागली. तुमच्या बहिणीचे कपडे नर्सबाईंच्या दोरीवर दिसायला लागले. मी ते पाहिलं होतं. पण मला वाटलं, दोन दिवस कुरकुर होईल, मग सवय होईल.

अंगणाला ती सवय झाली नाही. तिथे चिखल झाला, आणि आई त्यात बसल्या. पडल्या नाहीत दादा, बसल्या, सावकाश, जणू तिथे खुर्ची आहे अशा. लागलं काहीच नाही. मी धावत जाऊन म्हटलं, पाहा, किती रक्षण झालं, नाहीतर हाड मोडलं असतं. हे वाक्य मी बोलायला नको होतं, असं आता वाटतं. वाक्यात चूक नव्हती, वेळ चुकली. तुमच्या बहिणीने आईंना उठवलं, पुसलं (साधं पाणी आणून, शेजारून), आत जाऊन पिशव्या भरल्या. ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. दारात थांबून एवढंच म्हणाली, "ज्यांच्यासाठी राखत होता, त्यांनाच बाहेर काढलंत. आता राखा निवांत."

मी फादरांकडे गेलो. भांडायला नाही, गटाराच्या नियमात काही सवलत आहे का ते विचारायला. त्यांनी सगळं ऐकलं. बुचांपर्यंत ते गंभीर होते. व्हॉल्व्हशी आल्यावर त्यांनी तोंडावर रुमाल धरला. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहेत, सोडून दिलं. मग त्यांनी विचारलं, "काका, टाकीत पाणी ओतताना मनात काय होतं?" मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "माप." ते म्हणाले, "मग ते पाणी आहे हो काका. नळ सोडा, बुचं काढा." मी म्हटलं, नियमाप्रमाणे ते पवित्र आहे. ते म्हणाले, पवित्र पाणी दागिन्यासारखं तोलून जपायचं नसतं, त्याने आठवण ठेवायची असते की इथली माणसं देवाची आहेत. "आता घरात कोण कोण आहे?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. यावर ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यांचं सगळं मला पटलं असं नाही. टाकीतलं पाणी मी गटारात सोडलेलं नाही, नळी लावून मागच्या रिकाम्या जमिनीत जिरवलं, थोडं थोडं, म्हणजे चिखल होणार नाही. बुचं काढली. साखळी सोडली. सध्या घर शांत आहे. मला हवं तेव्हा नळ उघडता येतो, आणि अंघोळीला कुणाचं दार ठोठवावं लागत नाही. जेवण मीच करतो, चांगलं होतं; मात्र एका माणसाचं माप मला अजून जमत नाही. काल भाजी चौघांची झाली. ती चौघांची झाली आहे हे मला पातेलं उतरवताना कळलं. तरी मी मजेत आहे. तुम्ही काळजी करू नये.

वहिनींना त्रास होत असेल तर तसं कळवा. तुमच्या दोन खोल्यांत तीन माणसं वाढली आहेत, आणि आईंना खिडकीजवळची जागा लागते. मुलीला रात्री पाणी प्यायला उठायची सवय आहे, जाण्यायेण्याच्या वाटेत काही ठेवू नका. तुमची बहीण चहात साखर घेते, 'नको' म्हणाली तरी घेते.

लोभ आहेच, तो असाच ठेवावा.

आपला
मेहुणा

ता. क. पत्र बंद करता करता आठवलं. घरातले सगळे नळ आता साध्या पाण्याचे आहेत. कुणी विचारलं तर माझ्या वतीने खात्रीने सांगा. कुणी विचारायलाच हवं असं नाही.

ता. क. २. फादर येत्या रविवारी, चर्चमधल्या मिस्सानंतर घराला आशीर्वाद द्यायला येणार आहेत. मीच बोलावलं. पण त्यांनी एक अट घातली आहे, की घरची माणसं घरात असली तरच येईन, नुसत्या भिंतींसाठी यायचं नाही. शिवाय प्रार्थनेत मध्येमध्ये घरच्यांनी उत्तरं द्यायची असतात. ती सगळ्यांची उत्तरं एकट्याने देणं रीतीला धरून नाही. म्हणून केवळ विधी यथासांग व्हावा एवढ्यासाठी, तुम्ही शनिवारी संध्याकाळपर्यंत तिघींना घेऊन यावं. तुम्हीही राहा.

ता. क. ३. हे मी लिहिलंय असं तिला सांगू नका. तुम्हालाच सुचलं असं सांगा. तिने "त्यांनी बोलावलंय का?" असं विचारलं तर नाही म्हणा. दुसऱ्यांदा विचारलं तर हो म्हणा. आणि तिने विचारलंच नाही, तर दादा, कृपा करून तुम्हीच विषय काढा.