लिंबाला पाणी कोणी घातलं

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकून करायचा तो या वेळी बसूनच करतो आहे, कारण वाकायचं तेवढं वर्षभर परसात वाकून झालं आहे. तुझी तब्येत बरी असेल. गुडघा काय म्हणतो? तिथल्या जिन्याला कठडा बसवून घे असं मी भाच्याला कळवलं होतं. बसवला नसेल तर त्याला म्हण, मामा विचारत होता. (मामा विचारत होता म्हटलं की तो हलतो. त्याच्या शाळेच्या सगळ्या चड्ड्या मी शिवल्या आहेत, आणि कोणती कुठे फाटली होती ते मला आठवतं, हे त्याला ठाऊक आहे.) नातू चालायला लागला हे वाचून सगळ्यांना बरं वाटलं. तो जन्माला यायच्या वेळी तू महिन्याभरासाठी म्हणून मुलाकडे गेलीस आणि आता तो चालतो, यावरून इथे प्रत्येकाने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं.

लिंबू जिवंत आहे. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं तू स्वस्थपणे वाचशील. खोलीबद्दल तू लिहिलंस, की आता मी इकडेच राहीन म्हणते, माझी खोली उगीच अडवून ठेवू नका, तुझं शिलाई मशीन तिथे हलव, त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी परसाचा वृत्तांत.

गाडीत बसताना तू एवढंच म्हणालीस, झाडांना पाणी घाला. कोणी, ते म्हणाली नाहीस. पुढचं बरंचसं त्यातून झालं, पण तो दोष तुझा नाही. नुसतं पाणी घालत बसणं मला पटेना, म्हणून तुझ्या बियांच्या डब्यातून गाजर, मुळा आणि पालक काढले आणि मागचा वाफा पेरायला घेतला. आता मी कापड बेतणारा माणूस. मोकळी जागा दिसली की माझा हात कात्रीकडे जातो. मापाची टेप आणि खडू घेऊन मी तो वाफा असा बेतला की गाजराच्या दोन ओळींमध्ये मुळा, मुळ्याच्या पोटात पालक, आणि कोपरा उरला तिथे मिरची, जशी पँटच्या कापडातून खिशाची पट्टी काढतात तशी. वीतभर माती वाया गेली नाही. तुझी वहिनीसुद्धा म्हणाली, छान दिसतंय. (उगवायच्या आधी छानच दिसत होतं.) लेक शाळेतून परीक्षेचे पेपर तपासायला घेऊन आली होती, ते बाजूला ठेवून तिने वाफा पाहिला आणि म्हणाली, "बाबा, झाड म्हणजे पँट नाही. ते वाढतं." मी म्हटलं, गिऱ्हाईकही वाढतं, म्हणून तर शिवणीत जास्तीचं कापड सोडतात. "मग इथे का नाही सोडलंत?" मी चहा मागितला.

मुळे निघाले ते सुतळीएवढे. गाजरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली. एका गाजराला दोन पाय होते आणि ते त्याने मांडी घातल्यासारखे दुमडले होते. काकांनी ते चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दादा असाच बसायचा." आपले वडील खरोखरच असे बसायचे, एक खांदा वर करून. त्यानंतर ते गाजर खायची कोणाची छाती होईना. ते खिडकीत ठेवलं आणि सुरकुतत गेलं, तसतसं जास्तच त्यांच्यासारखं दिसायला लागलं. शेवटी कधीतरी बहुधा वहिनीने ते हलवलं. कुठे, ते कोणी विचारलं नाही.

टोमॅटोचं उलट झालं. त्यांना मी लांब लांब लावलं आणि कोटाच्या अस्तराच्या पट्ट्यांनी काठ्यांना बांधलं. राखाडी रेशमी पट्ट्या होत्या. रोपं अशी दिसत होती की त्यांना कुठेतरी मुलाखतीला जायचं आहे. आले ते सगळे टोमॅटो एकाच आठवड्यात आले. मग जो पँट न्यायला येईल त्याला मी सोबत टोमॅटोची पिशवी देऊ लागलो. दोन-तीन दिवस लोक खूश होते. पुढे दुकानात शिवून तयार कपड्यांचा ढीग साचला आणि न्यायला कोणी येईना. एका वकिलाने तर निरोप पाठवला, की कोट न्यायला येतो, पण नुसता कोट.

भोपळ्याची गोष्ट तुला शेजारच्या कंपाउंडरांनी त्यांच्या बाजूने कळवली असेल, म्हणून माझ्या बाजूने सांगतो. वेल आपला. मूळ आपल्या मातीत. पण तो भिंत चढून गेला आणि भोपळा धरला तो त्यांच्या बाजूला, हवेत लटकता. कंपाउंडर म्हणाले, देठ तुटला तर खाली माझी सायकल आहे. मी म्हटलं, झोळी शिवून देतो. जुन्या पडद्याची शिवली, दुहेरी टीप मारून, आणि मापाला मीच शिडीवर चढलो. पण भोपळा माप दिलं तसा राहीना. दर चार-पाच दिवसांनी झोळी उसवायची, सैल करायची, परत ट्रायल. असं गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि पाहिली आहेत ती काही कमी जाडी नव्हती. कंपाउंडर खालून शिडी धरायचे आणि औषधाची पुडी बांधताना बोलायचे त्याच आवाजात सांगायचे, "कमरेत थोडी ढिली ठेवा. जेवणानंतर फुगतो." पंधरा वर्षं आम्ही भिंतीवरून नुसती मान हलवत होतो, ते या भोपळ्यापायी एकमेकांच्या घरी चहा प्यायला लागलो. कापला तेव्हा अर्धा अर्धा केला. चव म्हणशील तर पडद्याला जास्त असेल. दोन्ही घरांनी तो किती दिवस खाल्ला ते लिहीत नाही. शेवटी शेवटी कंपाउंडरीण बाईंनी त्यांचा एक तुकडा झाकून आमच्याकडे पाठवला आणि आम्ही तोच, झाकण बदलून, त्यांच्याकडे.

आता लिंबू. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलीस तेव्हा हातात धरून आणलेलं ते रोप, म्हणून कुंडी मी मुद्दाम तुझ्या खोलीच्या दारात ठेवली, नजरेसमोर. काही दिवसांनी पानं पिवळी पडली. मग गळायला लागली. मी काळजीने पाणी वाढवलं. आणखी गळाली. एका सुट्टीच्या सकाळी मी इस्त्रीच्या वेळी पाणी शिंपडायचं भांडं घेऊन तिकडे गेलो, तर कुंडीपाशी वहिनी, हातात भाजी धुतलेल्या पाण्याचं पातेलं. आम्ही एकमेकांकडे पाहतो आहोत तोच काका आले, रात्रीच्या तांब्यातलं उरलेलं पाणी घेऊन, आणि त्यांच्यामागून लेक, बाटली घेऊन. काकांनी तांब्या पाठीमागे लपवला. भिंतीवरून कंपाउंडर पाहत होते. ते आले, मातीत बोट घातलं, ते वर करून निथळू दिलं. "हे बुडालंय. घरात माणसं किती?"

"चार."

"तरीच."

तुला आपलं घर माहीत आहे. भाजीत मीठ घातलं का, असं आपल्याकडे कोणी विचारत नाही. विचारलं म्हणजे तू विसरलीस असं म्हटल्यासारखं होतं. त्यापेक्षा जो तो जाता जाता चिमूटभर टाकतो. (म्हणून तर पाहुणे आपल्याकडे पाणी फार पितात.) लिंबाचंही तेच झालं. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे विसरतील, आणि ताईचं झाड आहे. लेक म्हणाली, एकमेकांना विचारा ना, साधं. आम्ही तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पेपर तपासायला निघून गेली. मग मी तोडगा काढला. कुंडीच्या काठावर लाल दोऱ्याचं रीळ ठेवलं. ज्याने पाणी घातलं त्याने कुंडीतल्या आधाराच्या काठीला दोरा बांधायचा, दुसऱ्या सकाळी मी तो सोडतो. कोणाला काही विचारावं लागत नाही. झाडाने जीव धरला आहे आता.

वर्षभरात काय शिकलो म्हणशील, तर मातीत जागा सोडावी लागते. कापडात मला हे येत होतं.

खोलीचं असं आहे, की मशीन हलवायला माणूस मिळत नाही. तेव्हा सध्या ती तशीच आहे. तुला तिकडे बरं वाटत असेल तर आमचं काही म्हणणं नाही. भाच्याला आशीर्वाद, सुनेला आशीर्वाद, नातवाला माझ्याकडून एक टोपी पाठवतो आहे. डोक्याचं माप अंदाजाने घेतलं आहे, शिवणीत कापड सोडलं आहे.

तुझा भाऊ

ता. क. लिंबू जिवंत आहे असं वर लिहिलं. पानं पाच आहेत. एक अर्धं आहे, ते धरून.

ता. क. वन्सं, हे पत्र मशीनवर उघडं पडलंय, म्हणून मी लिहितेय. मशीन हलवायला माणूस दोनदा आला होता. यांनीच त्याला टोमॅटो देऊन परत पाठवला. तुमच्या पलंगावर भोपळ्याच्या बिया वाळत घातल्यात, त्या केव्हा उचलू ते तुम्हीच कळवा. कधी येताय? मी विचारलं हे यांना सांगू नका, यांना वाटेल मी त्यांच्यावर ठपका ठेवते.

ता. क. पोरी, मी काका. घरात कोणी तुला विचारणार नाही, म्हणून गुपचूप लिहितोय. मी तरी कुठे विचारतोय, सांगतोय. ये. गाजर माझ्या कपाटात आहे, तुला दाखवायला ठेवलंय.

ता. क. आत्या, बाबा पत्र लिहितात पण मुद्द्याचं लिहीत नाहीत. वाचून पाहिलं, लिहिलेलं नाही. खाली आणखी कोणी काय लिहिलंय ते बघितलं नाही, घाई आहे. तुला यायचंय का? दोन अक्षरी उत्तर चालेल.

ता. क. ताई, पाकीट डकवायला घेतलं आणि पान उलटलं, तर तिघांचंही आधीच लिहून झालेलं. आपल्या घरात हे असं होतं. तिघांनी आधीच पाणी घातलेलं असलं की चौथ्याने हात आवरावा, हे मी लिंबापाशी पक्कं शिकलो होतो. तर शिकलेलं बाजूला ठेवून विचारतो. परत येतेस का?