टीव्ही पिवळा की दादा?

शनिवार, १ फेब्रुवारी

आणलाच शेवटी! पंचावन्न इंची. दारातून आडवा येईना, मग उभा केला, तिरका केला, जिन्याच्या कठड्याला एक कोपरा घासला — खोक्याचा, टीव्हीचा नाही, हे नवरोबांनी मला शेजाऱ्यांसमोर पुन्हा पुन्हा सांगितलं. कंपनीचं नाव जन्मात ऐकलेलं नाही. सर्दीच्या गोळीला शोभेल असं नाव आहे. लेक म्हणाली, "बाबा, एवढ्या किमतीत नुसतं खोकं मिळतं." तर हे म्हणाले, "आपण नावाला पैसे मोजत नाही, मालाला मोजतो." लिफ्ट दुरुस्त करून करून ह्यांची अशी समजूत झालीय की जगातलं कुठलंही यंत्र ह्यांच्याशी खोटं बोलणार नाही.

लावला. हॉलची भिंतच गेली! कॅलेंडर, घड्याळ, लेकीचं शाळेतलं प्रशस्तिपत्रक — सगळं उतरवलं. सोफ्यावर बसलं की पाय टीव्हीत जातील असं वाटतं.

चित्र कसं आहे? कळत नाही. समोरून बरं. स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं की सगळं विटल्यासारखं. आवाज तर पिंपात बसून कुणी बोलावं तसा. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या नाकावरची पावडर दिसते. आता हे चांगल्या टीव्हीचं लक्षण की वाईट?

हे खूश आहेत. रिमोट पोटाशी धरून बसलेत.

रविवार, २ फेब्रुवारी

दादाला टीव्हीवर आणलं!

माझा थोरला भाऊ. दुसऱ्या गावी असतो, लोकांना गाडी चालवायला शिकवतो. वहिनी गेल्यापासून एकटाच. म्हणून दर रविवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉल — एक रविवार चुकलेला नाही. एरवी फोनवर त्याचं तोंड माझ्या तळव्यात मावतं. आज लेकीने काय ते जोडलं आणि दादा भिंतीएवढा! फोन अगदी तोंडाशी धरायची त्याची सवय, त्यामुळे नुसतं डोकं आणि बनियनच्या पट्ट्या.

"ढमे, कसा दिसतोय मी?"

"राक्षसासारखा!"

हसलो सगळे. हसताना तो पुढे वाकला आणि मला त्याचे डोळे दिसले. पांढरं जिथे असायला हवं तिथे पांढरं नव्हतं. पिवळं. गालही तसेच, जुन्या वर्तमानपत्रासारखे.

"दादा, तू पिवळा का दिसतोयस?"

"टीव्ही स्वस्तात घेतलास ना? मग भाऊ पण त्याच भावात मिळणार."

पुन्हा सगळे हसले. मीसुद्धा. पण नंतर भाजी चिरताना हात थांबला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

बातम्यांची बाई पिवळी दिसत नाही. पण ती तर रंगवून बसवलेली! तिचं काय धरायचं?

बुधवार, ५ फेब्रुवारी

दुकानात आज भांडण. मी ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर असते, त्यामुळे भांडण आधी माझ्याकडे येतं, मग मालकाकडे. एक बाई कोट घेऊन आल्या. "हा पांढरा होता. तुम्ही पिवळा केलात." मालक म्हणाला, "हा मोतिया रंग आहे बाई, शिवला तेव्हापासून." दोघांनी कोट माझ्यासमोर धरला — तू सांग! मी उजेडात नेला, सावलीत आणला, दिव्याखाली धरला. दर ठिकाणी वेगळा. म्हटलं, मला सांगता येणार नाही. मालक माझ्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं मी कापडाचे रंगच तर सांगत आलेय!

घरी येऊन रिमोट ताब्यात घेतला. त्यात चित्राचे प्रकार असतात. व्हिविड — सगळे दारू प्यायल्यासारखे लाल. सिनेमा — सगळे आजारी. स्टँडर्ड — यांच्या मधलं काहीतरी. म्हणजे खरं चित्र यातलं कुठलं? ह्यांना विचारलं. "तुला जे आवडेल ते खरं," म्हणाले. असं कसं चालेल?

मग एक युक्ती केली. लेकीला खिडकीत उभी केली, फोनचा कॅमेरा तिच्यावर, आणि ती टीव्हीत. एकदा टीव्हीतली लेक बघायची, एकदा खरी. टीव्हीतली लेक जराशी पिवळट! खरी लेक वैतागलेली.

जीवात जीव आला. म्हणजे टीव्हीच.

पण मग वाटलं — जराशी. दादा जरासा नव्हता. पण त्याच्या खोलीत पिवळा दिवा असेल तर? त्याचा फोनही जुना आहे. टीव्हीचा पिवळा, दिव्याचा पिवळा आणि फोनचा पिवळा मिळून एवढा होतो का? की यांतून काहीतरी उरतं? डोकं भणभणलं. वरणात मीठ टाकायचं राहिलं. कुणी काही बोललं नाही, म्हणजे माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कंपनीचा मेकॅनिक येऊन गेला. हे घरी नव्हते तेच बरं, नाहीतर वकिली सुरू झाली असती. त्याने पेन ड्राइव्ह लावून अख्खी स्क्रीन पांढरी केली. हॉल उजळून निघाला. डाव्या कोपऱ्यात बोळ्याने पुसल्यासारखा काळपट ठिपका — तो आजवर मला दिसलाच नव्हता!

"पिवळा आहे ना?" मी.

"आहे थोडा."

"किती?"

"ताई, किती म्हणजे? या किमतीत एवढं चालतं."

"पण माणूस पिवळा दिसावा इतका?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "कुठला माणूस?"

काय सांगणार? म्हटलं, कुठलाही.

त्याने कुठेतरी आत जाऊन रंग 'वॉर्म' होता तो 'कूल' केला. मग म्हणाला, अजून निळा हवा असेल तर हे बटण. जाताना तो ठिपका वॉरंटीत बसत नाही हेही सांगून गेला.

रविवार, ९ फेब्रुवारी

दादा गोरा झाला! आधी थोडा पिवळा होता, मग मी कॉल चालू असतानाच ते बटण दाबत गेले, दाबत गेले आणि दादा सुधारत गेला. "बघ," म्हणाला, "आठवड्यात कांती उजळली." इतकं बरं वाटलं!

पण सारखा मान खाजवत होता. दंडही. विचारलं तर डास म्हणे. जेवण? "शिकाऊ लोकांच्या गाडीत बसून बसून भूक मेलीय." त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला गाडीचं उत्तर असतं.

टीव्हीचा आवाज असा, की समोरच्यालाही ऐकू जात नसेल असं वाटून मी ओरडूनच बोलते. ओरडूनच म्हटलं — "दादा, एकदा डॉक्टरकडे जाऊन ये! डोळे दाखव! माझ्यासाठी जा!" चार-पाचदा म्हटलं. तो म्हणाला, "अगं हळू, सगळ्या चाळीला कळेल." आणि कॉल बंद.

बरा दिसला. नक्की बरा दिसला.

सोमवार, १० फेब्रुवारी

हे मॅच लावून बसले. मैदान निळं. खेळाडू निळे. लेक म्हणाली, "आई, बातम्यांच्या बाईला बघ — शवागारातून थेट प्रक्षेपण." विचारलं दोघांनी, हे कुणी केलं?

अख्खा टीव्ही मी दादाच्या तोंडावरून लावलाय. तो बरा दिसावा म्हणून बाकी सगळं जग निळं करून ठेवलंय! असं करून काय कळणार? पण परत फिरवायला हात होत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

राहवेना म्हणून मधल्या वारीच दादाला व्हिडिओ कॉल केला. उचलला नाही. थोड्या वेळाने त्याचाच साधा फोन. "कॅमेरा गेलाय फोनचा."

"कसा काय गेला?"

"गाडीखाली आला."

"अख्खा फोन सोडून नुसता कॅमेरा?"

"ढमे, काम आहे गं, ठेवतो." आवाज दमलेला. मागे कुठेतरी चाकं खडखडत गेली.

मला टीव्ही नको होता. टीव्हीच नसता तर तो तळव्याएवढा राहिला असता, आणि मी रविवारी त्याला बघून निवांत भाजी निवडायला घेतली असती. — पण हे काय लिहितेय मी? तो आजारी असेल तर न दिसणं बरं का?

शनिवार, १५ फेब्रुवारी

भांडलो. टीव्हीवरून! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं नाही भांडलो.

टीव्ही परत करायची मुदत सोमवारी संपते. मी म्हटलं, परत करू, वाईट आहे. झालं! हे उठले, रिमोट घेतला, माझं सगळं निळं पुसून टीव्ही दुकानातून आला तसा केला आणि उभं राहून एकेक दाखवायला लागले. "हे झाड बघ. हिरवं आहे की नाही? हे आकाश? ह्या माणसाचा शर्ट बघ — पांढरा शुभ्र! काय वाईट आहे यात? कोपऱ्यातला ठिपका? तो मला पहिल्या दिवशीच दिसला होता, मी बोललो नाही. पण रंग? रंगाला नाव ठेवायला जागा नाही. रंग खरे आहेत!"

"नाहीत!"

"आहेत!"

"नाहीत म्हणते ना मी! वाईट आहे तुमचा टीव्ही! भंगार आहे!" आणि मला रडूच फुटलं. लेक आतून धावत आली. हे रिमोट हातात धरून तसेच उभे. टीव्हीत कुणीतरी साबण विकत होतं.

हे म्हणाले, "अगं, टीव्हीसाठी कुणी रडतं का?"

लेकच बोलली. "बाबा, रंग खरे असतील तर मामा पिवळा आहे."

ह्यांनी टीव्ही बंद केला. त्या भल्यामोठ्या काळ्या काचेत आम्ही तिघं दिसत होतो. हे माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ रिमोटच्या मागचं झाकण उघडत-मिटत होते. मग खाली बघत म्हणाले, "असेल गं वाईट. स्वस्तातला आहे. फसवलं मला त्याने."

ह्यांना कुणी फसवलं हे ह्या माणसाने आजवर कबूल केलेलं नाही. भोकं पडलेली छत्रीसुद्धा हे 'हवेशीर' म्हणून वापरतात. माझ्यासाठी म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून स्वतःचा टीव्ही वाईट ठरवला.

आणि तेव्हाच मला कळलं की तो वाईट नाही.

लेकीने पहिल्या रविवारी टीव्हीचा फोटो काढून ठेवला होता — मोठ्ठा मामा, गंमत म्हणून. तो मागितला. खिडकीशी नेऊन बघितला. बनियनच्या पट्ट्या पांढऱ्या होत्या. निळीत काढल्यासारख्या स्वच्छ पांढऱ्या. टीव्ही तोच, दिवा तोच, फोन तोच. डोळे तेवढे पिवळे.

कोट सावलीत नेते, उजेडात नेते, दिव्याखाली धरते — आणि शेजारी पांढरं काय आहे ते बघायचं राहिलं! सुचलं नाही की सुचू दिलं नाही? माझं मलाच कळत नाही.

हे म्हणाले, "मी येतो बरोबर." म्हटलं नको, लेकीची परीक्षा आहे, कुणीतरी घरी हवं. दादाला कळवायचं नाही असं ठरवलं. कळवलं तर दाराला कुलूप लावून गाडी शिकवायला जाईल.

रविवार, १६ फेब्रुवारी

मालकाला फोन करून रजा सांगितली. पिशवी भरली. दादाला आज कॉल नाही — चुकलेला पहिला रविवार. त्याचाही नाही आला.

हे स्टँडवर सोडायला आले होते. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलीस की खरं काय ते सांग. मला काही वाटणार नाही." टीव्हीबद्दल म्हणाले की दादाबद्दल?

सोमवार, १७ फेब्रुवारी

दार दादाने उघडलं नाही. एका बाईंनी उघडलं. पन्नाशीच्या, हाताला कणीक लागलेली. मला बघून म्हणाल्या, "ढमी ना तुम्ही? या. झोपलेत ते. कालच घरी आणलं."

पित्ताचा खडा अडकला होता, त्याने कावीळ. काढला. दादा अजून पिवळाच आहे, पण उतरेल असं डॉक्टर म्हणालेत. "मी किती दिवस मागे लागले होते, ऐकतच नव्हते. त्या रविवारी तुम्ही ओरडलात ना — मी इथेच, फोनच्या मागे उभी होते. दुसऱ्या दिवशी हात धरून नेलं."

दोन वर्षांपासून इथेच राहतात. दादा मला सांगणारच होता म्हणे. दोन वर्षं सांगणारच होता!

पंचावन्न इंच — आणि ही बाई मला एकदाही दिसली नाही.