भावाचा चेहरा

९ नोव्हेंबर, रविवार

'धुकेवाडी'चा दुसरा अंक परवा आला. ग्रुपवर सकाळपासून नुसती हाणामारी. सीरियल अर्ध्यात बंद पडून दोन वर्षं झाली तरी ही माणसं हटलेली नाहीत. त्यांच्यासाठीच तर पुण्याच्या प्रकाशक पाठकांनी पुढची गोष्ट चित्रकथेत काढायची ठरवली. गोष्ट माझी, चित्रं रफिकची.

आजचा निकाल: कथा एक नंबर, चित्रं भंगार.

'लेखकाला साष्टांग. चित्रकाराला नारळ द्या.' याला सगळ्यात जास्त अंगठे.

'सुलभा सुलभा वाटतच नाही. टीव्हीवरची फॉरेस्ट गार्ड कुठं आणि ही लांब डोळ्यांची बाई कुठं.'

केतकी नावाची एकटीच चित्रांच्या बाजूनं भांडत होती. धुकं, झाडं, रिकामे रस्ते बघा म्हणाली. तिला सगळ्यांनी गप्प केलं.

क्लासमध्ये समास शिकवता शिकवता टेबलाखाली मोबाईल. स्तुती वाचली की आत गोड होतं. रफिकवरच्या शिव्या बोटानं वर सरकवत गेलो.

घरी बायको, मीना, म्हणाली, "रफिकभाईंनी वाचलं असेल का हे?"

तो ग्रुपमध्ये नाय, म्हणालो.

११ नोव्हें., मंगळ.

आहे. दुसऱ्याच नावानं आहे.

उस्मानपुऱ्यात त्याच्या दुकानात गेलो. कुणाच्या तरी बुलेटची नंबरप्लेट कापत बसलेला. स्वतःच मोबाईल काढून वाचून दाखवायला लागला. "'केस काढलेत की शेवया सांडल्यात?' हे चांगलंय, सुन्या. हसलो मी."

हसत नव्हता.

अजिंठ्याला असताना हा लेण्यातली चित्रं कापडावर उतरवून टुरिस्टांना विकायचा. तेव्हापासून त्याच्या माणसांचे डोळे तसेच. पण सुलभाचं तसं नाही. तिचा चेहरा त्या नटीसारखा काढायचा नाही अशी पाठकांची लेखी ताकीद आहे. चेहरा वापरायची परवानगीच नाही, कुणाचाच. रफिकनं पहिल्यांदा हुबेहूब काढली होती. ती पानं परत आली. मुद्दाम बिघडवून काढली तेव्हा पास झाली.

हे ग्रुपवर एका ओळीत सांगता येईल.

पाठकांना फोन केला. "अजिबात नको सर. परवानगीची बोलणी चालू आहेत, बिघडतील. करारात गुप्ततेचं कलम आहे, बघून घ्या." बघून घेतलं. आहे.

रफिकला सांगितलं. "हौ, रहने दे," म्हणाला. पुन्हा प्लेट कापायला लागला.

१६ नोव्हें., रवि.

नाशिकच्या कुणीतरी लांबलचक लिहिलंय. 'सीरियलभर आपण समजत होतो सुलभाचा भाऊ हरवलाय. लेखकानं एका पानात सगळं उलटं केलं. भाऊ हरवला नव्हता, तो निघून गेला होता. अशी कल्पना सुचायला मोठं मन लागतं.'

खाली मी लिहिलं: 'मनापासून आभार.'

इथं तरी खरं लिहावं. ती कल्पना माझी नाही. गेल्या वर्षी दुकानात चहा पिताना रफिक आपल्या धाकट्या भावाबद्दल बोलला होता. शफीक. अकरा वर्षं झाली. सकाळी अजिंठ्याच्या स्टँडवर जातो म्हणून निघाला आणि आलाच नाही. पोलिसात हरवल्याची नोंद आहे. रफिक म्हणाला, "सब बोलते हरवला. हरवला नाय रे. गेला. आदल्या दिवशी त्यानं माझे सगळे ब्रश धुऊन ठेवले होते. हरवणारा माणूस ब्रश धुतो का?"

घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. ब्रशसकट. अंकात ब्रशच्या जागी सुलभाचे बूट केले, पॉलिश करून ठेवलेले.

त्याला विचारलं नव्हतं. स्क्रिप्ट दिली तेव्हा त्यानं ते पान वाचलं, बराच वेळ धरून बसला. मग म्हणाला, "काढतो."

२२ नोव्हें., शनि.

पाठकांचा फोन. आवाज खुशीत. नटांची परवानगी मिळाली, सीरियलच्या फ्लॅशबॅकमध्ये भाऊ झालेल्या नटाचीसुद्धा. तिसऱ्या अंकाला मुंबईचा नवा चित्रकार, फोटोसारखं काढतो. आणि मोठं पुस्तक करायचंय, त्यात पहिले दोन अंकसुद्धा नव्यानं काढून घेणार. दुकानांत उरलेले सुट्टे अंक परत मागवतायत.

"गोष्ट तुमचीच राहील सर, त्याची काळजी नको. तेवढं रफिकजींना तुम्हीच सांगाल का? तुमचे मित्र आहेत."

हो म्हणालो. फार पटकन म्हणालो.

मीनाला अर्धंच सांगितलं.

२५ नोव्हें., मंगळ.

सांगायलाच गेलो होतो.

त्याच्यापुढं दुसरा अंक उघडा पडलेला. भावाचं पान. म्हणाला, "किसी को बताना नक्को. हा शफीक आहे."

मला कळेना.

"चेहरा त्याचाय. अकरा वर्षं मिळवून काढला. गाल थोडे बसवले, केस थोडे मागं नेले. अब्बांचे असेच गेले होते. भुवईत तो कट ठेवला, पतंगाच्या मांजानं झालेला." मग म्हणाला, "पेपरात फोटो दिला, टीव्हीवर दिला, सब हो गया. पण तो चोवीस वर्षांचा फोटो. आता तो पस्तीसचा असंल. आता कसा दिसतो ते कुणालाच माहीत नाय. म्हटलं, पुस्तक तर गावोगाव जातं."

अम्मीला अजिंठ्याला जाऊन दाखवलं म्हणे. तिनं पानावरून हात फिरवला आणि विचारलं, इतका बारीक कशाला केलास त्याला.

रेशनकार्डावर अजून शफीकचं नाव आहे. आता सगळ्यांचे अंगठे लावून घेतायत. ज्याचा लागणार नाही त्याचं नाव उडणार. अम्मी दुकानदाराला रोज सांगते, आठ दिवस थांबा.

न सांगताच परत आलो. घरी मीनानं विचारलं, बोललात का? गर्दी होती म्हणालो.

२९ नोव्हें., शनि.

ग्रुपवर आज भावाच्या चेहऱ्यावर घसरलेत. 'एवढी मोठी एन्ट्री आणि माणूस असा? हा सुलभाचा भाऊ वाटत नाही, कुरिअरवाला वाटतो.' केतकीनं लिहिलं, 'साधा आहे म्हणूनच तो दिसला की पोटात तुटतं.' तिला हसण्याच्या इमोजींचा ढीग.

त्या ढिगात एकाचा मेसेज: 'मजाक सोडा पण डिट्टो असा माणूस आमच्या सेलूत कापसाच्या जिनिंगवर होता. वजनकाट्यावर.' खाली पुन्हा हसण्याचा ढीग. 'त्याला सीरियलमध्ये घ्या.'

दोन मिनिटांत रफिकचा फोन. "पढा क्या?"

पढा.

"सकाळी रेल्वेनं जाऊ."

३० नोव्हें., रवि.

सेलू. स्टेशनावरून रिक्षानं जिनिंगवर. कापसाच्या गाड्यांची रांग, हवेत सगळीकडं तंतू, रफिकच्या दाढीला लागलेले. ग्रुपवरचा मुलगा गेटवर आला, तो तिथल्या मुनीमाचा पुतण्या. एकदम वरमला होता. "काका, मी आपलं गमतीत टाकलं होतं."

मुनीम म्हातारा, सरळ माणूस. अंक हातात घेऊन लांब धरून बघितला.

"व्हय. असाच व्हता. नाव शकील सांगायचा. दोन सीझन केले हितं. लई कमी बोलायचा."

रफिकनं विचारलं, "भुवईत कट होता?"

"त्ये काय ध्यानात नाय बा."

"गाव कुठलं सांगायचा?"

"इकडचंच, म्हणायचा. गेल्या साली दिवाळी झाली अन गेला. गुजरातेत जिनिंगा लई, तिकडं पगार बरा. ट्रकवाल्यासंगट गेला."

फोन नंबर? दिला होता, लागत नाही. आधार? त्या वर्षी घेतलं नव्हतं. फोटो? कुणाकडंच नाही. मुनीमानं पुन्हा चित्र बघितलं. "नाकाजवळ जरा येगळं वाटतं. पर नजर हीच."

रफिकनं तिथला वजनकाटा बघितला. शेजारची खुर्ची बघितली. खुर्चीच्या पाठीला हात लावला. मग चला म्हणाला.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. परतूर गेल्यावर त्याला सांगितलं. त्या वेळी कशाला सांगितलं माहीत नाही. कदाचित त्याच्या डोळ्यांत जे आलं होतं ते मला बघवत नव्हतं.

"तिसरा अंक दुसऱ्याकडं देतायत."

"हौ. अंदाज होता."

"पहिले दोन पण नव्यानं काढणार. हे बाजारातनं परत घेणार."

तो माझ्याकडं वळला. "मग हा चेहरा?"

"त्या नटाचा येईल."

"तुला कधी कळलं?"

"आठ दिवस झाले."

"तू काय बोलला?"

"हो बोललो."

पुढं जालना आलं, गेलं. तो खिडकीकडं तोंड करून बसला. स्टेशनावर उतरल्यावर म्हणाला, "रिक्षा कर तू. मी चालतो."

४ डिसें., गुरु.

पाठकांना मेल. बाकी सगळं बदला, भावाचा तेवढा चेहरा राहू द्या, कारण असं असं आहे. शफीकबद्दल लिहिलं. कल्पना रफिककडून घेतली हेही लिहिलं.

दुपारी फोन. "ऐकून वाईट वाटलं सर. पण आता त्या नटाशी करार झालाय, त्याचाच चेहरा लागेल. आणि वाचकांचीच मागणी आहे ना." आणि वर, "कल्पनेचं जे लिहिलंत ते कृपया बाहेर बोलू नका. तुमच्याच अंगाशी येईल."

मी माझं नाव काढून घेतलं तर? काढा म्हणाले. स्क्रिप्ट करारानं त्यांची झालीय.

७ डिसें., रवि.

ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. चेहरे बिघडवायला लावले होते, ते. भाऊ निघून गेला ही गोष्ट रफिकच्या घरातली आहे आणि ती मी न विचारता उचलली, ते. तो चेहरा कुणाचा आहे, ते. शफीकचा पेपरात आलेला जुना फोटो टाकला. कुणी पाहिलं असेल तर कळवा.

तासभर शांत. मग:

'म्हणजे कथा पण ढापलेलीच का?'

'मित्राचं काम गेलं म्हणून आता इमोशनल अत्याचार.'

'दुःख आहे, मान्य. पण म्हणून चित्रं चांगली होत नाहीत.'

शेवटच्या वाक्यावर दीडशे मेसेज. कलाकाराचं दुःख मोजायचं की रेषा मोजायची. दोन्ही बाजूंनी हुशार माणसं. फोटो वर सरकत सरकत दिसेनासा झाला. मी पुन्हा टाकला. ॲडमिननं लिहिलं, विषयाला धरून बोला.

संध्याकाळी पाठकांनी नव्या चित्रकाराची दोन पानं टाकली. सुलभा हुबेहूब ती नटी. भाऊ हुबेहूब तो नट. 'शेवटी!!' 'आता कसं!!' फटाके, बदाम.

केतकीचा वेगळा मेसेज आला. परभणीला नर्स आहे. फोटो आणि ते पान दोन्ही वॉर्डाच्या भिंतीवर लावलीयत म्हणाली. रफिकला कळवलं. निळी खूण झाली, तेवढंच.

१४ डिसें., रवि.

आठवडाभर दुकान बंद. शेजारचा टायरवाला म्हणाला, गावी गेला. आज अजिंठ्याला गेलो.

अम्मी एकटीच. ओळखलं मला. "सुनील ना तू. आव, बैठ." खुर्ची दिली, पाणी दिलं. रफिक नाही. बुधवारी गुजरातला गेला. पाठकांनी परत मागवायच्या आधी शहरातल्या दुकानांतनं मिळतील तेवढे अंक उचलले आणि पिशवीत भरून घेऊन गेला. जिनिंगा-जिनिंगांतनं दाखवत फिरतोय.

"एक गया था," अम्मी म्हणाली, "अब दूसरे को भी उसनेच बुला लिया."

रेशनच्या दुकानदारानं शुक्रवारी नाव काढलं. कार्डावर आता दोघंच. ती ते रडत सांगत नव्हती. दळण टाकून आले असं सांगावं तसं.

मग आतनं अंक आणला. मराठी तिला वाचता येत नाही. पण चित्रांवरनं गोष्ट बरोबर लावलेली. भाऊ डोंगरातनं चालत जातो, सुलभा मागनं हाक मारते, तो थांबतो, तिथं अंक संपतो. तिनं त्या थांबलेल्या पाठीवर बोट ठेवलं.

"तूच लिखता ना ये? वळतो का हा पुढं?"

तिसऱ्या अंकात तो मरतो. सहाव्या पानावर. ऑक्टोबरातच लिहून दिलंय. लई जोरदार झालाय प्रसंग, पाठक म्हणाले होते, लोक ढसाढसा रडतील.

"लिहायचंय अजून," म्हणालो.

"मग वळव," ती म्हणाली. "तेरे हाथ में है."

एस्टीत बसलो तरी कानात तेच.

१५ डिसें., सोम.

पाठकांना सहा वेळा फोन. सातव्यांदा उचलला. सहावं पान बदलून देतो म्हणालो, फुकट देतो, लगेच देतो. "सर, पानं रंगून आलीयत."

मीना ऐकत उभी होती. म्हणाली, "आता तरी ग्रुप बंद करा." केला नाही. शफीकचा फोटो टाकायला तेवढंच ठिकाण आहे.

१८ डिसें., गुरु.

सकाळी क्लासला निघताना रफिकचा फोन. अठरा दिवसांनी आवाज ऐकला. मागं मशिनींचा दणदणाट. गुजरातेत कडी गावाजवळ कुठंतरी आहे.

"सुन्या, एका काट्यावाल्यानं चित्र ओळखलं. म्हणतो, शनिवारी ट्रकसंगं येतो हा माणूस. दर शनिवारी."

"कट आहे का भुवईत?"

"विचारलं नाय मी. विचारून काय करू, सांग."

मी येऊ का म्हणालो. "नक्को," म्हणाला. मग म्हणाला, "ये वाटलं तर." मला माफ कर वगैरे काहीतरी बोलायला गेलो, मशिनींत त्याला ऐकू गेलं नाही, दोनदा "क्या? क्या?" म्हणाला आणि ठेवला.

क्लासला गेलो नाही. मीना पिशवी भरतेय. अहमदाबादच्या गाडीत उद्याची सीट मिळालीय. परवा शनिवार.